लिमिटर लावला, तरी गजरात आवाज फाटतोच

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे मामा वारकरी कीर्तनकार आहेत, वयाची पंच्याहत्तरी उलटली आहे. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात काल्याचं कीर्तन दरवर्षी त्यांचंच असतं. मामांची कीर्तनं पुढच्या पिढीसाठी जपून ठेवावीत म्हणून ताईंनी हातात मावणारा रेकॉर्डर घेतला. गेल्या वर्षी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेऊन तो जोडला, मेन्यूतला लिमिटर (मर्यादेबाहेर जाऊ पाहणारा आवाज आपोआप दाबणारी सोय) चालू केला आणि त्या निर्धास्त बसल्या. घरी येऊन ऐकलं, तर निरूपण ठीक होतं, पण गजर चढला की आवाज फाटलेला. पखवाज आणि टाळ म्हणजे नुसती खरखर. पुण्यात स्टुडिओत काम करणारा त्यांचा मित्र म्हणतो, ‘लिमिटर लावलास तिथंच चुकलं, रेकॉर्डिंगला लिमिटर कधी लावायचाच नाही.’ साउंडवाला म्हणतो, ‘लिमिटर आहे ना, मग लेव्हल फुल ठेवा, काही होत नाही.’ भाऊ म्हणतो, ‘३२ बिट फ्लोटवाला नवा रेकॉर्डर घे, कटकट संपेल.’ यंदाचा सप्ताह तोंडावर आला आहे. कुणाचं ऐकावं? गजरात माइकपासून जरा लांब राहा, असं मामांनाच सांगावं का? आणि गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग दुरुस्त होईल का?

ताई,

तिघांनी तुम्हाला तीन सल्ले दिले, पण आवाज नेमका कुठे फाटला, हे तिघांपैकी एकानंही विचारलेलं दिसत नाही. पत्रात तुम्हीही ते गृहीत धरलं आहे : फाटला तो रेकॉर्डरमध्येच, आणि लिमिटरनं त्याला अडवायला हवं होतं. मला या गृहीतकापासूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण उत्तर बरंचसं तिथेच दडलेलं आहे.

मामांच्या गळ्यापासून तुमच्या मेमरी कार्डापर्यंत आवाज बराच प्रवास करतो. माइक, मिक्सरमधला त्या माइकचा चॅनेल, मिक्सरचं आउटपुट, वायर, रेकॉर्डरच्या आतला प्रीअँप (बारीक लहर मोठी करणारं सर्किट), विजेच्या लहरीचे आकडे करणारी चिप आणि मग कार्ड. यातल्या प्रत्येक टप्प्याला स्वतःची कमाल मर्यादा असते. लहर तिच्यावर गेली की वरचा भाग सपाट कापला जातो. नुसता कापला जाऊन थांबत नाही, मूळ आवाजात नव्हते असे चढे, कर्कश स्वर त्या कापण्यातून तयार होतात. म्हणून टाळेचा लखलखीत नाद खरखरीसारखा वाटतो आणि पखवाजाच्या थापेला कागद फाटल्यासारखी कड येते. हे कापणं यातल्या कुठल्याही टप्प्यावर होऊ शकतं, आणि लिमिटर मात्र एकाच ठिकाणी बसलेला असतो. त्याच्या आधी जे फाटलं, ते त्याला शिवता येत नाही. तो फक्त फाटलेला आवाज थोडा हळू करून पुढे पाठवतो.

तुमच्या बाबतीत काय झालं असावं याचा अंदाज मी पुढे देतो आहे. पण तो माझ्या शब्दावर मानू नका, तुम्ही स्वतःच तपासू शकता. गेल्या वर्षीची फाइल ऑडॅसिटी या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ते फुकट मिळतं. गजरातली एखादी फाटलेली जागा शोधा आणि तरंगांची एकेक लाट सुटी दिसेपर्यंत मोठं करत जा. आता लाटांचे माथे बघा. माथे सपाट असतील आणि ती सपाटी अगदी वरच्या कडेला, म्हणजे शून्य डेसिबलच्या रेषेला (रेकॉर्डिंगमध्ये शून्य म्हणजे कमाल मर्यादा, त्याखालचं सगळं उणे) चिकटलेली असेल, तर आकडे होताना आवाज फाटला. सपाटी आहे, पण ती शून्याच्या बरीच खाली, उणे पाच-सहा वगैरे डेसिबलवर दिसत असेल, तर लिमिटरकडे येण्याआधीच आवाज फाटलेला होता, असं समजा. लिमिटरनं आपलं काम केलं, त्या लाटा दाबल्या, पण त्याच्या हाती आल्या त्याच कापलेल्या. ही सपाटी जराशी तिरकी दिसत असेल, तर दोष बहुधा आणखी मागे, मिक्सरच्या बाजूला आहे. कापलेली लहर पुढच्या सर्किटांमधून जाताना तिचे माथे असे कलतात.

याच्या जोडीला एक गोष्ट आठवून पाहा. मंडपात बसून ऐकताना गजर स्वच्छ वाटत होता का? स्पीकरवरही फाटत असेल तर मामांच्या माइकचा मिक्सरवरचा गेन (येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारी पातळी) जास्त होता आणि त्या चॅनेलचा लाल दिवा गजरभर पेटत असणार. मंडपात स्वच्छ आणि फाइलमध्ये फाटका, असं असेल तर संशय वायरीवर आणि रेकॉर्डरच्या तोंडावर घ्यायचा.

माझा संशय इथेच आहे. माइकमधून येणारी वीज व्होल्टच्या काही हजाराव्या भागाइतकी असते. व्यावसायिक मिक्सरच्या आउटपुटची नेहमीची पातळी असते १.२३ व्होल्ट, आणि गजराच्या शिखरावर ती याच्या कितीतरी वर जाते. तुमच्या रेकॉर्डरला एकच छोटं जॅक असेल आणि त्यावर ‘माइक’ लिहिलं असेल, तर त्यात मिक्सरची वायर घालणं म्हणजे अपेक्षेच्या शेकडो पट ताकद आत सोडणं. बऱ्याच छोट्या रेकॉर्डरमध्ये पहिला प्रीअँप गेनच्या चाकाच्या आधी बसलेला असतो. त्यामुळे गेन कितीही कमी केला तरी आवाज फाटतो, फक्त हळू फाटतो. गेन अगदी १ किंवा २ वर ठेवूनही आवाज भरपूर येत होता का, आठवा. तसं असेल तर निदान झालंच म्हणायचं.

यावर उपाय साधा आहे. रेकॉर्डरला ‘लाइन’ असं वेगळं इनपुट असेल किंवा मेन्यूत माइकऐवजी लाइन निवडता येत असेल, तर ते निवडा. तशी सोय नसेल तर मधे पॅड लावा, म्हणजे आवाजाची पातळी २० ते ४० डेसिबलनी उतरवणारी छोटी डबी किंवा तशी वायर. इलेक्ट्रॉनिक्सचं काम जाणणारा कुणीही दोन-चार रेझिस्टर घालून तशी वायर बनवून देतो. साउंडवाल्याला विनंती करून रेकॉर्डिंगसाठीचं आउटपुट मिक्सरवरूनच खाली उतरवून घ्या, तेही चालतं. रेकॉर्डरच्या मेन्यूत ‘प्लग-इन पॉवर’ असेल तर ती बंद ठेवा. छोट्या माइकला वीज पुरवण्याची ती सोय आहे, मिक्सरला तिची गरज नाही.

वायरीचाच विषय निघाला आहे म्हणून आणखी एक सांगून ठेवतो, कारण असं पत्र मला वरचेवर येतं. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून (त्यात एकच लहर दोन तारांवरून, एकीवर सुलटी आणि दुसरीवर उलटी जाते) तीन कड्यांचा जॅक थेट रेकॉर्डरच्या स्टिरिओ जॅकमध्ये घातला, तर डावीकडे आणि उजवीकडे एकमेकांच्या नेमक्या उलट लहरी नोंदल्या जातात. हेडफोनवर आवाज विचित्र, डोक्याभोवती पसरल्यासारखा लागतो, आणि एकाच स्पीकरच्या मोबाइलवर वाजवला की जवळजवळ नाहीसा होतो. लोकांना वाटतं फाइल खराब झाली. खरं तर एकच बाजू ठेवली की आवाज परत येतो.

आता लिमिटरकडे वळू. १९३०च्या दशकात रेडिओ केंद्रांना त्याची गरज पडली. ट्रान्समीटरला ठरावीक मर्यादेपलीकडे आवाज गेला तर प्रक्षेपण बिघडायचं आणि शेजारच्या केंद्रांनाही त्रास व्हायचा. १९३७ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचं ११०-ए हे लिमिटर असलेलं यंत्र आलं ते याचसाठी. तरीही तिथला इंजिनिअर हात बांधून बसत नसे. आवाजाची पातळी तो हातानं सांभाळायचा आणि यंत्र फक्त निसटलेलं शिखर पकडायचं. कामाची ही वाटणी आजही तीच आहे.

दूध तापवताना उतू जायला लागलं की आपण पटकन आच कमी करतो. लिमिटर हा तो आच कमी करणारा हात आहे. पातेलं काठोकाठ भरून ठेवलं असेल तर हात कितीही चपळ असला तरी शेगडीवर दूध सांडणारच. तुमच्या साउंडवाल्याचा ‘लेव्हल फुल ठेवा’ हा सल्ला मला मान्य नाही तो यामुळे. मंडपातला आवाज सांभाळण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण रेकॉर्डिंगचं गणित वेगळं असतं.

‘फुल’ ठेवण्याची ही सवय आली कुठून, तेही सांगतो. कॅसेटच्या काळात फितीची स्वतःची सूं-सूं मोठी असायची. आवाज कमी घेतला तर तो तिच्यात बुडायचा. शिवाय फीत मर्यादेबाहेर गेली तरी हळूहळू, गोलाई घेत दबायची, लगेच फाटायची नाही. म्हणून काटा लालच्या उंबरठ्यावर ठेवणं त्या काळी शहाणपणाचंच होतं. डिजिटलमध्ये शून्य म्हणजे शून्य, त्याच्यावर एक पायरीही नाही. उलट खालच्या बाजूला मात्र ऐसपैस जागा आहे. आवाजाचा प्रत्येक आकडा लिहायला जितके जास्त बिट, तितकी ही जागा मोठी : १६ बिटला हिशेबानं ९६ डेसिबल आणि २४ बिटला १४४ डेसिबल. प्रत्यक्षातली सर्किटं यापेक्षा कमी देतात, तरीही मंडपातल्या पंख्यांचा, जनरेटरचा, लेकरांच्या किलबिलीचा आवाज रेकॉर्डरच्या स्वतःच्या कुरकुरीपेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून २४ बिटवर घ्या आणि गजराची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील इतका गेन कमी ठेवा. निरूपण मग उणे ३० किंवा त्याहूनही खाली दिसेल. मीटर जेमतेम हललेला पाहून घाबरू नका. घरी येऊन आवाज वाढवता येतो, आणि त्यात काहीही बिघडत नाही.

वारकरी कीर्तनात हे का इतकं महत्त्वाचं, ते तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. हवेतल्या आवाजाच्या मापात (हे माप रेकॉर्डरच्या उणे आकड्यांहून वेगळं) साधं बोलणं मीटरभर अंतरावर ६० डेसिबलच्या घरात असतं, आणि खड्या आवाजातली आरोळी ९०च्या जवळ जाते. मामा एखादा दृष्टांत सांगता सांगता आवाज अगदी खाली आणत असतील, माणसं पुढे वाकून ऐकत असतील, आणि पुढच्याच क्षणी ‘पुंडलिक वरदा हारि विठ्ठल’ म्हणून मागचे टाळकरी उसळत असतील. त्यावर पखवाजाची खुली थाप. थापेचा आणि टाळेचा आवाज हळूहळू चढत नाही, तो सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या हिशेबात शिखर गाठतो. अनेक छोट्या रेकॉर्डरमधला लिमिटर म्हणजे आकडे तयार झाल्यानंतर चालणारा हिशेब असतो. आकडे होतानाच माथा कापला गेला, तर हा लिमिटर नंतर येऊन काय करणार? साउंड डिव्हायसेस या कंपनीच्या मिक्सप्रीसारख्या यंत्रांत लिमिटर आकडे होण्याच्या आधी, विजेच्या पातळीवर बसवलेला असतो. तो जास्त भरवशाचा. पण तुमच्या रेकॉर्डरमध्ये तो कुठे बसवलाय हे मेन्यूवर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून त्याच्यावर विसंबून गेन ठरवायचा नाही, एवढं पक्कं धरा.

तुमचा मित्रही पूर्ण चुकीचं सांगत नाही. लिमिटर वारंवार काम करायला लागला की आवाजाला धाप लागल्यासारखं होतं. पखवाजावर ‘धा’ पडला की लिमिटर सगळाच आवाज खाली ओढतो, त्यात मामांचा शब्दही ओढला जातो, आणि थापेचा नाद विरला की शब्द पुन्हा वर येतो. अभंगाचं चरण असं ठोक्याठोक्याला बुडत-तरंगत राहिलं तर ऐकवत नाही, आणि एकदा तसं नोंदलं गेलं की ते काढून टाकता येत नाही. स्टुडिओत म्हणूनच रेकॉर्डिंग करताना तो टाळतात. तिथे गायकाला ‘पुन्हा एकदा घेऊ’ म्हणता येतं. काल्याच्या कीर्तनात मामांना कोण म्हणणार तसं? तिथे अनपेक्षित शिखरासाठी लिमिटर चालू असलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एवढीच, की गेन आधीच इतका खाली असावा की कीर्तनभरात लिमिटरचा दिवा क्वचितच लागावा. दर ठोक्याला दिवा लुकलुकत असेल तर लिमिटर बंद करू नका, गेन कमी करा.

सेटिंग बदलायची सोय असेल, तर थ्रेशोल्ड (ज्या पातळीवर लिमिटर दाबायला लागतो ती) उणे ६ ते उणे ३ डेसिबल, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) सर्वांत जलद आणि रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १००-२०० मिलिसेकंद इथून सुरुवात करा. नुसतं चालू-बंद असेल तर चालू ठेवा. मात्र ‘ऑटो लेव्हल’ किंवा ‘ऑटो गेन’ ही वेगळी चीज आहे, ती आवर्जून बंद करा. लिमिटर फक्त शिखर दाबतो. ऑटो लेव्हल शांत जागाही उचलते, त्यामुळे मामा क्षणभर थांबले की पंखे आणि खोकले वर येतात आणि गजराचा पहिला ठोका वाढलेल्या गेनवर आदळून फाटतो. कित्येकजण ऑटो लेव्हललाच लिमिटर समजून बसलेले असतात. तुमच्या मेन्यूत नेमकं काय चालू होतं, एकदा बघून घ्या.

वारा किंवा स्टेजवरची धमधम हाही लिमिटरचा छुपा शत्रू आहे. कानाला न जाणवणारा खालचा घुमारा मीटरवर मोठी जागा खातो आणि लिमिटरला विनाकारण कामाला लावतो. लो कट (खालचा घुमारा गाळून टाकणारी सोय) ८० हर्ट्झवर ठेवलात तर हे बरंच कमी होतं. त्याच्या वर जाऊ नका, पखवाजाची कणीक लावलेली बाजू पोकळ वाटायला लागेल.

आता नव्या रेकॉर्डरचं. २०१९ साली झूम या रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीचा एफ६ आणि साउंड डिव्हायसेसची मिक्सप्रीची दुसरी आवृत्ती आली, तेव्हापासून ३२ बिट फ्लोट (आकडे लिहिण्याची अशी पद्धत, जिच्यात शून्याच्या वरही जागा असते) छोट्या यंत्रांत पोचलं, आणि आता तर बरंच आवाक्यात आलं आहे. त्यात बहुधा दोन चिपा एकाच वेळी काम करतात, एक हळू आवाजासाठी, दुसरी मोठ्यासाठी, आणि गेन चुकला तरी फाइल नंतर खाली-वर करून वाचवता येते. तुमच्यासारख्या एकटीनं रेकॉर्डिंग करणाऱ्या, मीटरकडे बघत बसण्यापेक्षा कीर्तनात बसू इच्छिणाऱ्या माणसासाठी ते खरंच चांगलं आहे, आणि भाऊ प्रेमानं म्हणतो आहे. पण ते यंत्रही फक्त आकडे होण्याचा टप्पा सांभाळतं. मिक्सरवर फाटलेला आवाज ते फाटकाच नोंदवेल, तोही उत्तम दर्जात. माइक इनपुटमध्ये जास्त ताकदीची वायर घातली तर त्याचाही प्रीअँप हात टेकेल. म्हणून आधी जुन्या फाइलमधले माथे पाहा. दोष मिक्सर किंवा वायरीत निघाला तर यंदा पैसे खर्च करू नका. पॅडची वायर थोडक्या खर्चात होते. पुढेमागे ठिकठिकाणची कीर्तनं नोंदवायचा विचार असेल तर मग नवा घ्या.

असलेल्या रेकॉर्डरमध्ये ‘ड्युअल’ किंवा ‘बॅकअप’ रेकॉर्डिंग आहे का तेही शोधा. झूमच्या एच५, एच६मध्ये ते आहे, टॅस्कॅमच्या डीआर-४०मध्येही आहे. एकाच वेळी दोन फायली तयार होतात आणि दुसरीची पातळी खाली असते, झूमच्या या दोन्हींत १२ डेसिबलनी. पहिली फाटली तर तेवढा तुकडा दुसरीतून उचलायचा. लिमिटरपेक्षा मला ही सोय जास्त आवडते, कारण ती मूळ आवाजाला हात लावत नाही. फक्त कार्डावरची जागा आधी मोजा : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागतो, बॅकअप चालू केला की दुप्पट.

यंदाच्या तयारीसाठी तुमच्या हातात एक फार मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे सप्ताहच. काल्याचं कीर्तन शेवटच्या दिवशी, आणि त्याआधी रोज रात्री कीर्तन. पहिल्याच रात्री जा, साउंडवाल्याला आधी भेटा, चहा पाजा आणि सांगा की मला फाटका आवाज येतोय, मदत करा. तुमच्या पत्रावरून तो भला माणूस वाटतो. मिक्सरवर ऑक्स आउटपुट (आवाज वेगळा बाहेर काढायची जादा वाट) असेल तर ते ‘प्री-फेडर’ मागा, म्हणजे त्यानं मंडपासाठी आवाज वर-खाली केला तरी तुमच्या रेकॉर्डिंगवर परिणाम होणार नाही. ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’वर लेव्हल ठरवू नका, त्यातून काहीच कळत नाही. गजर चालू असताना ठरवा. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ टिपेला पोचलं असताना मीटर उणे १२च्या वर जात असेल तर गेन आणखी उतरवा, मग बोटं काढून घ्या आणि कीर्तन संपेपर्यंत हात लावू नका. घरी ऐका, माथे बघा, दुसऱ्या रात्री सुधारा. कान पूर्ण झाकणारा हेडफोन सोबत असू द्या, पण मंडपातल्या दणक्यात हेडफोनवर ऐकून ‘ठीक आहे’ असं ठरवू नका, तिथे बाहेरचाच आवाज कानात भरलेला असतो.

दुसरा रेकॉर्डर कुणाकडून मिळाला, किंवा तुमच्याच रेकॉर्डरमध्ये वायरीसोबत स्वतःच्या माइकवरही घेता येत असेल, तर दोन्ही घ्या. मिक्सरच्या वायरीत फक्त माइकसमोरचं येतं. मागच्या टाळकऱ्यांचा एकवट आवाज, बायकांनी धरलेलं धृपद, टाळ्या, हे सगळं त्यात पुसट असतं, आणि त्याशिवाय कीर्तन अर्धं वाटतं. हा दुसरा रेकॉर्डर स्पीकरच्या तोंडासमोर ठेवू नका. स्पीकरच्या रांगेच्या मागे, मामांच्या समोर दोन-तीन मीटरवर छोट्या स्टँडवर ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलनी उतरतो, मंडपात त्याहून थोडा कमी. गेन कमी करूनही मीटर लाल होत असेल तर रेकॉर्डर मागे सरकवा. अंतर हा फुकटचा उपाय आहे, आणि त्यानं आवाजाचं काही बिघडत नाही.

मामांना मात्र काही सांगू नका. गजरात माइकपासून लांब राहा, हळू म्हणा, असं तुम्ही सांगितलंत तर ते कदाचित ऐकतीलही, भाचीच्या शब्दाला मान देतील. पण मग तुम्ही जपून ठेवाल ते मामांचं कीर्तन राहणार नाही, रेकॉर्डिंगसाठी सांभाळून केलेलं कीर्तन होईल. इतकी वर्षं ते ज्या ताकदीनं उभे राहिले, ज्या ठिकाणी त्यांचा आवाज आपसूक चढतो, तेच तर तुम्हाला हवं आहे. यंत्रानं त्यांच्या मापानं राहावं. फार तर त्यांच्या माइकचा स्टँड वीतभर मागे घ्या, आणि तेही साउंडवाल्याला विचारून, नाहीतर मंडपात स्पीकर शिट्टी मारायला लागेल. कपड्याला लावायचा छोटा कॉलर माइक कुणी सुचवला तर इथे टाळाच. हातातली टाळ किंवा चिपळ्या त्याच्या इतक्या जवळ वाजतात की लिमिटर सगळा वेळ त्यांच्याशीच झगडत राहील.

घरी आल्यावर मात्र लिमिटर बिनधास्त वापरा. आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि काम प्रतीवरच करा. निरूपणाच्या जागा हातानं उचलून घ्या, गजर थोडा खाली ठेवा, आणि सगळ्यात शेवटी लिमिटर लावून छत, म्हणजे कमाल पातळी, उणे १ डेसिबलवर ठेवा. रेकॉर्ड झालेल्या फाइलवर चालणाऱ्या लिमिटरला पुढे काय येणार ते आधीच दिसतं, म्हणून तो थापेच्या आधीच सावध होतो. आणि नाही आवडलं तर मागे येता येतं. नातेवाइकांना यूट्यूबवर देणार असाल तर फार जोरात करण्यात अर्थ नाही, यूट्यूब मोठ्या आवाजाच्या फायली आपणहून खाली आणतं.

राहिलं गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग. ऑडॅसिटीत ‘क्लिप फिक्स’ आहे, आयझोटोपच्या आरएक्स या सॉफ्टवेअरमध्ये ‘डी-क्लिप’ आहे. दोन्ही कापलेल्या माथ्यांच्या आजूबाजूचा आकार बघून माथा कसा असेल याचा अंदाज बांधून तो पुन्हा काढतात. थापेपुरतं क्षणभर फाटलं असेल तर चांगला गुण येतो. गजर मिनिटंच्या मिनिटं सलग फाटलेला असेल तर खरखर थोडी मऊ होईल, एवढीच अपेक्षा ठेवा. क्लिप फिक्स चालवण्याआधी फाइलची पातळी ८-१० डेसिबलनी खाली आणा, कारण नव्यानं काढलेल्या माथ्यांना वर जागा लागते. आणि सप्ताह सुरू होण्याआधी त्या फाइलमधलं निरूपण वेगळं काढून ठेवा. ते तुम्हीच म्हणता तसं ठीक आलं आहे. कोणता अभंग घेतला होता, कोणता दृष्टांत कितव्या मिनिटाला आहे, हे मामांना शेजारी बसवून लिहून घ्या. पुढे कुणाला ऐकायचं झालं तर दोन तासांच्या फाइलीत हवी ती जागा सापडायला हीच वही उपयोगी पडेल. मूळ फाइल कितीही फाटकी असली तरी पुसू नका, दोन ठिकाणी ठेवा. दुरुस्तीची ही साधनं दरवर्षी सुधारत आहेत.